डोनटचे भोक आणि बसवकल्याणची घारिका



यंदाच्या आनंदनगरीत नववीच्या वर्गाचा डोनटचा स्टॉल फसला, हे आता सगळ्या शाळेला ठाऊक झाले आहे. वर्गातील २८ मुलामुलींनी प्रत्येकी ३० रुपये काढले होते. मैदा, यीस्ट, साखर, लोणी, दूध आणि पाच लिटर तेल यात ते पैसे गेले. एक विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीत हैदराबादला काकांकडे जाऊन आला होता. तिथल्या काचेच्या दुकानात त्याने डोनट पाहिले आणि तोच बेत वर्गाने ठरवला. पीठ छान फुगले होते, पण मधले भोक पाडायला साचा नव्हता. "गोलच तळू, चव तीच लागेल," असे ठरले. मीही हो म्हणाले. चूक माझीही आहे.

पहिला घाणा बाहेरून तांबूस, दुसरा तपकिरी आणि तिसरा जवळजवळ काळा निघाला. फोडून पाहावे तर आत पांढरा चिकट लगदा! पहिले चाळीस विकले गेले होते, त्यांतले निम्म्याहून अधिक परत आले. मुलांनी पैसे परत केले. एका मुलीने उरलेले पीठ डब्यात भरून घरी नेले, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. त्यानंतर काही पालकांनी संस्थेच्या विश्वस्तांकडे सांगितले की, पुढच्या वर्षीपासून शेगडी लावायचे स्टॉल बंद करावेत. मुलांनी भेळ आणि सरबत विकावे. त्यांची काळजी मला समजते. उकळत्या तेलाशेजारी तेरा-चौदा वर्षांची मुले उभी असतात, हे काही गमतीचे काम नाही. निर्णय पुढील बैठकीत व्हायचा आहे. त्याआधी आमचे काय चुकले ते नीट मांडावे, म्हणून हा पाठ लिहीत आहे. तो नववीच्या भूमितीत बसतो आणि विज्ञानातही बसतो. इतिहासात कसा बसतो, ते पुढे येईलच.

स्टॉल फसल्यावर दोन दिवसांनी मी बसस्टँडजवळ उद्दिन वडे तळणाऱ्या मावशींकडे गेले. त्या रोज पहाटे उडीद वाटतात. ओल्या हातावर पिठाचा गोळा घ्यायचा, अंगठ्याने मधोमध भोक पाडायचे आणि कढईत सोडायचा, हे काम त्या न बघता करतात. मी विचारले, "मावशी, भोक कशासाठी?" त्या हसल्या. "बाई, तुमी शाळेत शिकवता ना? भोक नाही पाडलं तर वडा वरून जळतो अन् पोटात कच्चा राहतो." २८ जणांचे ३० रुपये घालवून आम्ही जे शिकलो, ते एवढेच होते.

आता यामागचे कारण पाहू.

तळणीचे तेल साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअस इतके तापलेले असते. पिठात मात्र पाणी असते आणि पाणी १०० अंशांना उकळते. त्यामुळे पिठात पाणी आहे तोवर आतला भाग शंभराच्या वर जात नाही. पृष्ठभागावरचे पाणी मात्र पटकन उडून जाते, तिथे कोरडे कवच तयार होते आणि ते शंभराच्या पुष्कळ वर तापते. मग त्या कवचातील प्रथिने आणि साखर यांची अभिक्रिया होऊन तपकिरी रंग व खमंग वास येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मेयार याने १९१२ साली या अभिक्रियेचे वर्णन केले, म्हणून तिला त्याचे नाव आहे. भाकरीवरचे डाग, भाजलेला शेंगदाणा, वड्याची तांबूस कड, या सगळ्यांत तीच अभिक्रिया असते.

म्हणजे बाहेर एक घड्याळ चालू असते आणि आत दुसरे. बाहेरचे घड्याळ रंगाचे असते. ते गोळा मोठा असो की लहान, जवळजवळ सारखेच धावते. आतले घड्याळ शिजण्याचे असते. उष्णता पिठातून हळूहळू आत सरकते आणि मध्यापर्यंतचे अंतर दुप्पट झाले तर वेळ दुप्पट लागत नाही, चौपट लागतो. तिप्पट झाले तर नऊपट. तळणाऱ्याचे सगळे कसब ही दोन घड्याळे एकाच वेळी थांबवण्यात असते. आमच्या गोळ्यांचे बाहेरचे घड्याळ आतल्याच्या फार आधी थांबले.

आता नववीच्या मुलांनी वही काढावी. डोनट म्हणजे वाकवून टोके जोडलेली पिठाची नळी असे समजा. नळीची जाडी २.५ सेंमी, म्हणजे त्रिज्या १.२५ सेंमी. कड्याच्या केंद्रापासून नळीच्या मध्यापर्यंतचे अंतर ३ सेंमी धरा. म्हणजे बाहेरचा व्यास ८.५ सेंमी आणि भोकाचा ३.५ सेंमी होतो. नळी सरळ केली तर तिची लांबी २ × ३.१४ × ३ म्हणजे सुमारे १८.८ सेंमी. आता हा साधा वृत्तचिती झाला, ज्याचे सूत्र तुम्हाला येते. घनफळ सुमारे ९२ घन सेंमी आणि वक्रपृष्ठफळ सुमारे १४८ चौ. सेंमी. तेवढ्याच पिठाचा भरीव गोळा केला तर त्याची त्रिज्या सुमारे २.८ सेंमी येते आणि पृष्ठफळ सुमारे ९९ चौ. सेंमी. पीठ तेवढेच, पण तेलाला भिडणारी जागा कड्याला दीडपट मिळाली.

खरी गोम मात्र पुढे आहे. कड्यात पृष्ठभागापासून सर्वांत खोल जागा १.२५ सेंमीवर आहे. गोळ्यात ती २.८ सेंमीवर आहे, म्हणजे सव्वादोन पटींहून थोडी कमी. वर्गाच्या हिशेबाने वेळ पाचपट व्हायला हवा. प्रत्यक्षात तेवढा होत नाही, कारण गोळ्याला उष्णता सर्व बाजूंनी मिळते आणि नळीला तिच्या टोकांच्या दिशेने मिळत नाही. हे धरले तर उत्तर तिपटीच्या आसपास येते. तिप्पट वेळ १८० अंशांच्या तेलात ठेवल्यावर कवचाचे काय होणार, हे आनंदनगरीत सर्वांनी पाहिलेच आहे.

पुढच्या शनिवारी आम्ही हा प्रयोग शाळेच्या स्वयंपाकघरात, मोठ्या माणसांच्या हाताने, पुन्हा केला. पन्नास ग्रॅमचे काही गोळे आणि पन्नास ग्रॅमची काही कडी. कडे कापायला स्टीलची वाटी आणि मधल्या भोकासाठी बाटलीचे झाकण वापरले. कापताना उरलेले तुकडे परत मळून घेतले, म्हणजे वजन सारखे राहिले. कडे दोन्ही बाजूंनी एकेक मिनिट तळून काढले आणि कापले, तर आत जाळीदार व कोरडे होते. त्याच तेलातून तेवढ्याच वेळात काढलेला गोळा मध्ये कच्चा निघाला. आच अगदी मंद करून गोळे तळले तेव्हा ते शिजले, पण कवच जाड आणि तेलकट झाले. एक सूचना: प्रयोगशाळेतील तापमापी तेलात घालू नये. ती बहुधा ११० अंशांपर्यंतच असते आणि त्यापुढे फुटते. पिठाची बोराएवढी गोळी टाकून पाहावी. ती तळाशी जाऊन लगेच वर आली, भोवती बुडबुडे आले आणि काळी पडली नाही, म्हणजे तेल झाले.

वर्गात एकाने चांगला प्रश्न विचारला. "बाई, मग गुलगुल्याला भोक का नाही?" कारण गुलगुला लिंबाएवढा असतो. त्याचा मध्य पृष्ठभागापासून दीड सेंमीच्या आतच असतो. शंकरपाळी तर बोलूनचालून चपटी. बटाटेवड्याला भोक लागत नाही, कारण आतली भाजी आधीच शिजलेली असते; वरचे बेसनाचे पातळ आवरण तेवढे शिजवायचे असते. बालुशाहीकडे मात्र नीट पाहा. मोहन घातलेल्या मैद्याचा तो जाड पेढा असतो आणि हलवाई मधोमध अंगठ्याने खळगा पाडतो. कधी तो आरपार जातो, कधी जात नाही. शिवाय बालुशाही मंद आचेवर तळतात. म्हणजे हलवाई दोन्ही उपाय एकदम करतो, मधली जाडीही कमी करतो आणि बाहेरचे घड्याळही सावकाश चालवतो. आपल्या सणावारांत हे सगळे डोळ्यांसमोर असते, तरी आम्हाला डोनटच करायचे होते!

डोनटचा इतिहासही सांगते. डच लोक न्यूयॉर्कच्या जागी वसले तेव्हा तळलेल्या गोड पिठाचे गोळे करीत. त्यांना ते 'ओलिकुक', म्हणजे तेलातला केक म्हणत. त्यांनाही आमचीच अडचण येत असणार. मध्य कच्चा राहू नये म्हणून आत सुकामेवा किंवा फळ घालण्याची युक्ती होती, अशी एक समजूत आहे. भोकाचे श्रेय हॅन्सन ग्रेगरी नावाच्या अमेरिकन खलाशाने स्वतःकडे घेतले. १८४७ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, जहाजावर मिरपुडीच्या पत्र्याच्या डबीच्या झाकणाने आपण पहिले भोक कापले, असे त्याने म्हातारपणी, १९१६ साली वर्तमानपत्राला सांगितले. अमेरिकेच्या मेन राज्यात रॉकपोर्ट येथे त्याच्या नावाची पाटीही १९४७ साली लावली गेली. त्याची गोष्ट खरी की खलाशाची थाप, कोण सांगणार? झाकणाने भोक कापण्याची युक्ती आमच्या नववीलाही सुचली, एवढे खरे.

पुढे १९२० साली न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅडॉल्फ लेव्हिट या रशियातून आलेल्या बेकरीवाल्याने डोनट करणारे यंत्र बसवले आणि डोनट हाताबाहेर, म्हणजे यंत्राच्या हातात गेला. मोठमोठ्या साखळी कंपन्या झाल्या. त्या आपल्या देशातही २००८ नंतर मोठ्या शहरांत दिसू लागल्या; एक प्रसिद्ध अमेरिकन कंपनी २०१२ साली दिल्लीत आली.

पण याच न्यूयॉर्कात उलटी गोष्टही घडली. १९९४ साली मार्क इस्रेल नावाच्या तरुणाने आजोबांची डोनटची कृती घेऊन एका जुन्या चाळवजा इमारतीच्या तळघरात काम सुरू केले. आजोबा बेकरीत काम करीत. नातू रात्री पीठ मळून डोनट करी आणि सकाळी सायकलवरून दुकानांना पोचवी. २००० साली त्याने स्वतःचे दुकान थाटले. 'डोनट प्लँट' हे त्याचे नाव. तो पाकात खरी फळे आणि सुकामेवा वापरू लागला. त्याने चौकोनी डोनटही केला. भोक तसेच, पण चारही बाजूंनी आत मुरंबा भरलेला, म्हणजे कुठूनही चावा घेतला तरी मुरंबा लागावा. आता जगभर अशी हातकामाची डोनटची दुकाने निघाली आहेत, आपल्या महानगरांतही आहेत. तिथल्या एका डोनटच्या किमतीत आपल्याकडे दोन माणसांचा नाश्ता होतो. किंमत कशाची, असे मुले विचारतात. पीठ रात्रभर थंडीत सावकाश आंबवायचे, घाणा लहान काढायचा, शिळा माल विकायचा नाही, भाडे शहराचे. तरीही मला ती जास्त वाटते. आमच्या मावशीही पहाटे उठतात, घाणा लहानच काढतात आणि शिळा वडा कधी विकत नाहीत. त्यांना हातकामाचे वेगळे पैसे कोणी देत नाही.

आता इतिहासाचा तास. हॅन्सन ग्रेगरीच्या सातशे वर्षे आधी आपल्याच जिल्ह्यात भोकाच्या तळणीची कृती लिहिली गेली होती. बसवकल्याण म्हणजे पूर्वीचे कल्याण, ही चालुक्यांची राजधानी. तिथे तिसरा सोमेश्वर राज्य करीत असताना, ११२९ च्या सुमारास, 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध झाला. त्याचे 'अभिलषितार्थचिंतामणी' असेही नाव आहे. राजाने काय जाणावे आणि कशाचा उपभोग घ्यावा, याचे शंभर अध्याय त्यात आहेत. किल्ले, हत्ती, औषधे, चित्रकला, गाणे, खेळ, सगळे आहे. मराठी माणसाला तो आणखी एका कारणासाठी जवळचा आहे. महाराष्ट्रातील बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. ज्या वेळी मराठीत मोठे ग्रंथ झाले नव्हते, त्या वेळची ही नोंद कल्याणच्या दरबारात झाली. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्री. ग. कु. श्रीगोंदेकर यांनी हा ग्रंथ संपादित केला. त्याचा पहिला खंड १९२५ साली निघाला.

त्यातल्या 'अन्नभोग' या भागात आजच्या इडलीची आणि डोशाची पूर्वज नावे सापडतात. दह्यादुधात भिजवलेले वडेही आहेत. आणि तिथेच घारिका आहे. उडदाचे वाटलेले पीठ घ्यावे, त्याचे पसरट जाड गोळे करावेत, त्यांना पाच किंवा सात भोके पाडावीत आणि तांबूस होईपर्यंत तापलेल्या तेलात तळावे, असे सांगितले आहे. एक नव्हे, पाच किंवा सात! शोभा येते असेही म्हटले आहे. पण गोळा जाड असेल तर शोभेबरोबर दुसरे काम ती भोके करीत असणारच, हे आपण वर गणिताने पाहिले. आपल्या घरी लाल भोपळ्याचे घारगे होतात. घारगा आणि घारिका हे शब्द कानाला किती जवळचे लागतात!

हे वाचून दाखवले तेव्हा वर्ग एकदम शांत झाला. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे बाई, आपल्याला हैदराबादला जायची गरजच नव्हती." सगळे हसले. ज्याने बेत सुचवला होता तोही हसला. मला वाटते, त्याला बरे वाटले.

पालकांसाठी दोन गोष्टी. पहिली तेलाची. भोकामुळे पृष्ठभाग वाढतो, तेव्हा तेल लागायला जागाही वाढते. हा भोकाचा तोटा. पण तळताना बाहेर पडणारी वाफ तेलाला आत येऊ देत नाही. बहुतेक तेल आत शिरते ते पदार्थ बाहेर काढल्यावर, वाफ निवू लागली की. म्हणून काढल्याबरोबर जाळीवर किंवा कागदावर निथळून घ्यावे, गरम गरम एकावर एक रचू नये. तेल थंड असेल तर पदार्थ जास्त वेळ राहतो आणि तेलकट होतो. एकच तेल पुन्हापुन्हा तापवणे वाईट. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जुलै २०१८ पासून दुकानांना याची मर्यादा घालून दिली आहे. स्टॉलला उरलेले तेल दुसऱ्या दिवशी वापरायचे नाही, एवढे आपण पाळू शकतो.

दुसरी गोष्ट भीतीची. वडा तेलात फुटतो कशाने? पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे पट जागा मागते. पिठात पाणी जास्त झाले किंवा आत बंद पोकळी राहिली आणि वर कवच घट्ट बसले, तर वाफेला वाट मिळत नाही. मग ती कवच फोडते आणि तेल उडते. भोक असलेल्या वड्यात वाफेला जवळची वाट असते, म्हणून तो कमी फुटतो. अजिबात फुटत नाही असे नाही. तेव्हा कढईजवळ मोठे माणूस हवेच. विश्वस्तांना माझी विनंती आहे की, स्टॉल बंद करण्याऐवजी नियम करावा. तळणे पालकांनी किंवा शिक्षकांनी करावे. मळणे, कापणे, मोजणे, हिशेब आणि विक्री मुलांकडे असावी. कढई भिंतीकडे, मुलांची रांग दोरीच्या अलीकडे. शेजारी झाकण आणि कोरडी वाळूची बादली. पेटलेल्या तेलावर पाणी कधीच टाकायचे नाही. बसस्टँडवरच्या मावशी एक दिवस येऊन उभ्या राहायला तयार आहेत. त्यांच्या दिवसाच्या विक्रीचे पैसे मात्र आपण द्यायला हवेत, हे मी त्यांना कबूल केले आहे.

मुलांनो, तुमच्यासाठी काम शिल्लक आहे. साडेआठ सेंमी व्यासाच्या आणि अडीच सेंमी जाडीच्या चपट्या गोळ्याला एकेक सेंमी व्यासाची पाच भोके पाडली तर पृष्ठफळ किती होते? सात पाडली तर? प्रत्येक भोकामागे वरची व खालची वर्तुळे वजा करायची आणि आतली भिंत मिळवायची, हे विसरू नका. कोणत्याही जागेपासून सर्वांत जवळची कड किती दूर राहते, ते कागदावर काढून बघा. भोके कुठे पाडली तर हे अंतर सगळ्यात कमी होते, यावर वर्गात आधीच दोन तट पडले आहेत. ज्यांची वही पूर्ण होईल त्यांनी ती शनिवारी आणावी. मावशींनी अर्धा किलो उडीद भिजत घालते म्हणून सांगितले आहे.